खरी चावी कुणाच्या खिशात?

शोरूममध्ये नवी गाडी घेताना काढलेला फोटो तुमच्याही घरात असेल. बॉनेटवर झेंडूचा हार, आणि नवरा-बायकोच्या हातात मिळून धरलेली पुठ्ठ्याची हातभर चावी. फोटो झाला की पुठ्ठा शोरूमवाला परत घेतो आणि खरी चावी नवऱ्याच्या खिशात जाते. आमच्या ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतले बरेचसे संसार याच वाटणीवर चालले आहेत.

हप्ता दोघांच्या पगारातून जातो. लायसन्सही दोघांकडे असतं. तिशीच्या आत काढलेलं हल्ली चाळिशीपर्यंत चालतं. बाईंचं चालतं ते ओळखपत्र म्हणून, बँकेत दाखवायला. सकाळी फाटक तिने उघडायचं, डिकी थोपटत ‘आने दो, आने दो’ तिनेच ओरडायचं, मग फाटक लावून धावत येऊन डावीकडे बसायचं. तोवर साहेब आरशात केस बघणार आणि वर म्हणणार, ‘‘किती वेळ!’’

या सगळ्याला नाव प्रेमाचं. ‘‘तू कशाला त्रास घेतेस, मी सोडतो ना!’’ सोडतो खरा, पण त्याच्या सवडीने. मैत्रिणीकडे किती बसायचं ते बाहेरचा हॉर्न ठरवतो. माहेर मुरारला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरी तिकडे जायला रविवार उजाडावा लागतो. दमदाटी करणारा नवरा एक वेळ परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. काळजीवाल्याशी भांडलं की कृतघ्न आपणच.

आपल्याच शहरात, जयविलास महालात, माधवराव महाराजांची चांदीची आगगाडी आहे. जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवरून ती पाहुण्यांपुढे दारू आणि सिगार फिरवायची. कुणी बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. म्हणजे गाडी महाराजांची, पण थांबवण्याची सोय पाहुण्याच्या हातात! आमच्याकडे डावीकडच्या सीटला एवढाही अधिकार नाही. उलटी येतेय म्हटल्याशिवाय गाडी थांबत नाही.

दुचाकीची कथा याहून मजेदार. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागे बसणाऱ्याला धरायला दांडी दिली, पाय टेकायला जागा दिली, पदर अडकू नये म्हणून चाकाला जाळी दिली. बाई मागेच बसणार, याची सरकारलासुद्धा केवढी खात्री!

आणि मोटारीच्या जन्मकथेत काय आहे? कार्ल बेंझच्या धंद्यात बर्था बेंझने लग्नाआधी आपल्या हुंड्याचा पैसा घातला. 1886चं पेटंट मात्र कार्लच्या नावावर. ऑगस्ट 1888मध्ये तिने नवऱ्याला न सांगता दोन मुलगे बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्झहाइम गाठलं. शंभराहून थोडे जास्त किलोमीटर, जवळपास आपलं ग्वाल्हेर-आग्रा. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली; इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. पोहोचल्यावर नवऱ्याला तार. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईने परवानगी न घेता केला, आणि आमच्या गल्लीत अजून ‘‘तिला रिव्हर्स जमत नाही’’ हा विनोद चालतो.

जमणार कसं? ती चालवायला बसली की शेजारचा नवरा पायपुसण्यावर ब्रेक दाबत असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरापाशी निदान खरा ब्रेक असतो. याच्यापाशी नुसती जीभ. ‘‘क्लच! अगं क्लच!’’ चौथ्या दिवशी ती चावी परत देते आणि हा चारचौघांत सांगतो, तिलाच आवड नाही.

मलाही शेजारी बसायला आवडतं. समोर रस्ता असला की डोळ्यांत न बघता बोलता येतं. घरात वर्षभर न निघालेले विषय मुरैन्याच्या अलीकडेच निघतात. पण ही जवळीक उजव्या सीटवरूनही साधते. तेव्हा भाऊसाहेब, एकदा आग्र्याला निघा. चावी तिला द्या, पाय आखडून डावीकडे बसा, चंबळच्या पुलापर्यंत जमलं तर एक झोप काढा. आणि धौलपूरला चहाला थांबायचं की नाही, ते तिला ठरवू द्या.