आधी कमरेचं पिस्तूल जमा करा

स्पष्ट बोलतो, काहींना राग येईल. आमच्या पोलादपूरकडे शेतकऱ्याची परवान्याची बंदूक असते ती रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती जमा करायचा आदेश निघतो. २०२४ ची विधानसभा तर ऐन भातकापणीत आली. शेतकऱ्याने डबा बडवत रात्र काढायची!

मग शर्टाखाली पिस्तूल खोचून पुढाऱ्यामागे फिरणाऱ्याला कोण विचारणार? १९५९ चा शस्त्र कायदा विनापरवाना पिस्तुलाला तुरुंग दाखवतो. आणि परवाना म्हणजे काय शहाणपणाचा दाखला? २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरात आमदारानेच पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचंच होतं.

माझं म्हणणं एवढंच, आधी कमरा तपासा, मग आमच्या माळ्यावरची बंदूक मागा. पटलं तर पुढे पाठवा.