साक्षीदार मोबाइल, आरोपी मजूर

हजेरीपटावरचा अंगठा खोटा असू शकतो, मोबाइलने काढलेले छायाचित्र खोटे असू शकत नाही. या एका समजुतीवर केंद्र सरकारने रोजगार हमीच्या मजुराची भाकरी टांगून ठेवली. मे २०२१ मध्ये मोबाइलवरून हजेरी घेणारी प्रणाली आली आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, तिची सर्वत्र सक्ती झाली. मेटने दिवसातून दोनदा मजुरांना उभे करून छायाचित्र काढायचे, त्यावर अक्षांश-रेखांश उमटवायचे आणि ते वर पाठवायचे. पोहोचले तर मजूर हजर. न पोहोचले तर दिवसभर माती उपसलेली बाई कागदोपत्री कामावर आलेलीच नाही.

भामरागड, एटापल्ली, कोरची या तालुक्यांत याचा अर्थ काय होतो, हे दिल्लीत बसून कळणारे नाही. येथे कामाची जागा जंगलात असते आणि टॉवर रस्त्याच्या कडेला. अधिकारी सांगतात की, संपर्क नसला तरी छायाचित्र काढून ठेवता येते व मागाहून पाठवता येते. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. मागाहून पाठवण्यासाठी मेटला संपर्काच्या जागेपर्यंत जावे लागते, तोवर बॅटरी टिकावी लागते आणि पलीकडचे यंत्रही जागे असावे लागते. यांपैकी काहीही बिघडले तरी दंड मेटला होत नाही, यंत्राला होत नाही, मंत्रालयाला तर नाहीच नाही. दंड होतो तो मजुराला.

मुळात महाराष्ट्राला हा धडा कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली या राज्याची रोजगार हमी कामाच्या मोजमापावर मजुरी देत आली. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची आणि त्याप्रमाणे दाम द्यायचे. उपसलेली माती हाच मजुराच्या हजेरीचा सर्वांत मोठा साक्षीदार. ती पळून जात नाही आणि तिला टॉवर लागत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा मजूर उजाडताच काम सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आपला वाटा पुरा करू पाहतात. काम संपले तरी दुसऱ्या छायाचित्रासाठी त्यांना थांबवून ठेवणे, ही हजेरी झाली की शिक्षा?

या जाचाने भ्रष्टाचार तरी थांबला काय? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून गैरप्रकारांची यादी दिली. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्राचेच काढलेले छायाचित्र, हजेरीतील संख्या आणि प्रत्यक्ष दिसणारी माणसे यांत तफावत! आणि उपाय कोणता, तर ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत माणसांनी ही छायाचित्रे तपासावीत. माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणसे नेमली. ठेकेदाराला वाट सापडली; अडकला तो प्रामाणिक मजूर.

न्यायालयात हेच यंत्र साक्षीला उभे राहते तेव्हा मात्र कायदा फार सावध असतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचे अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींपर्यंत गेला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्वाळा दिला की, मूळ साधनच न्यायालयापुढे सिद्ध केले नसेल, तर अशा नोंदीला कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. अहेरीत २०१३ साली नोंदलेल्या ज्या खटल्यात गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने प्रा. जी. एन. साईबाबा व इतरांना २०१७ मध्ये शिक्षा दिल्या, तो ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात कोसळला. इलेक्ट्रॉनिक पुरावा कायद्यानुसार सिद्धच झालेला नाही, असे खंडपीठाने म्हटले. त्यांतील पांडू नरोटे हा आदिवासी आरोपी तो निकाल ऐकायला उरला नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो कैदेतच वारला.

आमदारकी जाणार असेल तर यंत्राची उलटतपासणी होते. मजुराची मजुरी जाणार असेल तर ना प्रमाणपत्र, ना सुनावणी, ना वकील! वास्तविक छायाचित्र न पोहोचणे यातून एवढेच सिद्ध होते की छायाचित्र पोहोचले नाही. त्यावरून माणूस तेथे नव्हता असे अनुमान काढणे, हा कोणत्या तर्कशास्त्राचा नियम? आणि जेथे टॉवर उभारण्याची जबाबदारी सरकारची, तेथे टॉवर नसल्याचा तोटा मजुराने का सोसावा?

२००५ च्या केंद्रीय कायद्याच्या १७ व्या कलमाने कामांवर देखरेख व सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले होते. गडचिरोलीत ग्रामसभा ही कागदावरची संस्था नाही. मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ते दाखवून दिले आहे. शेजारी कामावर होता की नव्हता, हे तिच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? पण डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी जो कायदा मंजूर केला, त्यात बायोमेट्रिक ओळख आणि मोबाइलवरील देखरेख थेट कायद्याच्या मजकुरातच घातली आहे. कार्यकर्त्यांनी आता गावोगाव दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत: हजेरीपट दर आठवड्याला ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि यंत्राने गैरहजर ठरवलेल्या मजुराचे मोजमाप पुस्तिकेत भरलेले काम असेल, तर त्याची मजुरी एक दिवसही अडवली जाऊ नये. तो कामावर नव्हता असे ज्या अधिकाऱ्याचे म्हणणे असेल, त्याने ते ग्रामसभेसमोर येऊन सिद्ध करावे.