छायाचित्रणाची आवड आणि कॅमेऱ्याची हौस

मागील स्नेहसंमेलनात शाळेच्या वरच्या दालनात विद्यार्थ्यांनी काढलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. पालक मोठ्या संख्येने आले, कौतुकही झाले. परंतु चित्रांसमोर उभी राहून मुले जे बोलत होती, ते आमच्या मनात राहून गेले. चित्रात काय आहे, ते कोठे आणि कोणत्या वेळी काढले, याबद्दल फारच थोडे बोलणे होते. कोणाच्या मोबाइलला किती मेगापिक्सेल, कोणाच्या काकांनी पुण्याहून केवढ्याची लेन्स आणली, हीच चर्चा. इयत्ता नववीतील एका मुलाने तर चित्र दिलेच नव्हते. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "बाबांचा जुना मोबाइल आहे, त्याच्या फोटोला तिथे कोण विचारणार?"

हे ऐकून आम्हांला ओशाळल्यासारखे झाले. प्रवेशिकेवर 'कॅमेऱ्याचे नाव व मॉडेल' असा रकाना आम्हीच छापला होता. तो का छापला, हे आज आम्हांला सांगता येत नाही. दुसऱ्या कोणत्या तरी स्पर्धेच्या प्रवेशिकेवर होता, म्हणून आमच्याही प्रवेशिकेवर आला, इतकेच.

आता एका माजी विद्यार्थ्याने छायाचित्रण मंडळासाठी देणगी देऊ केली आहे आणि तीतून एक उत्तम कॅमेरा घ्यावा असा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. देणगीदारांचा हेतू शंभर टक्के चांगला आहे. तरीही या पैशांचा विनियोग वेगळा व्हावा असे आम्हांला वाटते, आणि ते का, हे सांगण्यासाठी भैरवगढच्या फेरीची हकीकत सांगणे भाग आहे.

प्रदर्शनानंतर एका रविवारी आम्ही अकरा मुलामुलींना घेऊन भैरवगढला गेलो. काळभैरवाच्या दर्शनाला आपण सगळेच जातो, पाहुणे आले की त्यांनाही नेतो, आणि दर्शन झाले की रिक्षा वळवून परत येतो. ज्याला आपण बोलताना 'भेरूगढ' म्हणतो त्या वस्तीत कापडावर छपाई आणि बाटिक करणारी छीपा मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांना चादरी आणि ओढण्या घेण्यापुरतेच ठाऊक असते. उज्जैनच्या बाटिकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी मुलांपैकी एकीनेच आम्हांला सांगितली.

मुलांना अट एकच घातली होती. प्रत्येकाने दहाच चित्रे काढायची, झूम वापरायचा नाही, काही वेगळे हवे असेल तर पायांनी पुढे किंवा मागे व्हायचे. सुरुवातीला कुरकुर झाली. चार जणांकडे चांगले कॅमेरे होते, बाकीच्यांकडे घरचे मोबाइल. नववीतला तो मुलगाही बाबांचा मोबाइल घेऊन आला होता.

बाटिकचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेण आणि राळ वितळवून गरम ठेवतात. कापडाखाली वाळू पसरलेली असते. जो भाग रंगू द्यायचा नाही तेथे कलमेने मेण लावतात, मग कापड रंगात बुडवतात. दुसरा रंग हवा असेल तर पुन्हा मेण, पुन्हा रंग. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटते आणि खालची नक्षी वर येते. हाताळताना मेणाला तडे जातात, त्या तड्यांतून रंग आत झिरपतो आणि बारीक शिरांसारख्या रेघा उमटतात. त्या रेघा कोणालाच पूर्णपणे आपल्या मनाप्रमाणे काढता येत नाहीत, आणि खरे बाटिक ओळखायचे ते त्यांच्यावरूनच. शेजारी ठशांची छपाई चालू होती. फळीवर मोजके लाकडी ठसे मांडलेले, काहींच्या मुठी वापरून काळ्या तुळतुळीत झालेल्या. तोच ठसा सरळ लावला की एक नक्षी, उलटा जोडला की दुसरी, कडेला लावला की किनार. आमच्यातल्या एकाने कारागिराला विचारले, नवीन ठसे का करून घेत नाही? ते हसले आणि हातातले काम चालू ठेवून म्हणाले की आधी याच ठशांचे सगळे करून संपू दे.

पहिल्या पंधरा मिनिटांत बहुतेकांची सात-आठ चित्रे संपली. रंगीत कापडे, मेणाची कढई, कारागिराचा चेहरा. मग हातात दोन-तीनच चित्रे उरली आणि मुले थांबून पाहू लागली. दारातून येणारा उजेड वाळूवर कसा पडतो, कलम टेकण्याआधी हात क्षणभर कसा थबकतो, हे तेव्हा दिसले. घरी येऊन चित्रे मांडली तेव्हा जवळजवळ प्रत्येकाचे चांगले चित्र शेवटच्या तिनांतले निघाले. जुन्या मोबाइलवाल्याने वाळत घातलेल्या ओल्या कापडामागे उभ्या असलेल्या एका बाईंची नुसती पावले टिपली होती. चित्र थोडे अंधुक आहे, पण पुढच्या प्रदर्शनात ते दाराशी लावावे असे आमचे मत आहे.

ज्यांना एवढ्यावरून पटणार नाही त्यांनी आपल्या माळव्यातलेच उदाहरण पाहावे. पुढे राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्ध झालेले छायाचित्रकार मूळचे इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण झालेले, म्हणजे कॅमेरा हाती येण्यापूर्वीच इमारत कशी पाहायची हे त्यांना कळत होते. 1882 मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतात फिरून त्यांनी वास्तूंची चित्रे घेतली ती काचेच्या जड प्लेटांवर. प्रत्येक प्लेट बरोबर वाहून न्यायची म्हटल्यावर माणूस आधी विचार करतो. आमच्या दहा चित्रांच्या अटीत नवीन काही नाही, ते येथून उसने घेतलेले आहे.

आणि उज्जैनकरांनी डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांना विसरून कसे चालेल? 1957 मध्ये रेल्वेच्या डब्यातून त्यांना दूरवरचे खडक दिसले. तेच खडक असंख्य प्रवाशांना दिसत होते. वाकणकर मात्र तेथे पायी गेले, आणि भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. तेथील चित्रांच्या प्रतिकृती ते हाताने, कागदावर करीत. 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा आरोप होईल. साधनाला महत्त्व नाही असे आम्ही म्हणत नाही. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि तो नसता तर 'राजा हरिश्चंद्र' झालाच नसता. पण त्याच कॅमेऱ्याने आधी त्यांनी काय चित्रित केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल वाढताना थोडे थोडे टिपत गेले. भांडवल देणाऱ्याला पटले ते या छोट्या चित्रफितीमुळे. क्षिप्रेवरचे पक्षी लांबून टिपायचे असतील तर लांबची लेन्स लागतेच, आणि भैरवगढच्या आतल्या खोलीत अंधार इतका होता की मोबाइलची काही चित्रे खरोखर वाया गेली. ज्याला नेमके काय अडते आहे हे सांगता येते, त्याने नवीन साधन अवश्य घ्यावे. पालकहो, मुलाने नवा कॅमेरा मागितला तर नाही म्हणू नका, पण आधी एवढे विचारा की असलेल्या कॅमेऱ्याने कोणते चित्र काढायला गेलास आणि ते का निघाले नाही. उत्तर आले तर पुढचा विचार करावा.

विश्वस्त मंडळास आमची विनंती अशी आहे. एका महागड्या कॅमेऱ्याऐवजी दोन साधे, वापरलेले परंतु चालू स्थितीतील कॅमेरे घ्यावेत आणि ज्यांच्या घरी काहीच नाही अशा विद्यार्थ्यांना ते आठवडाभर घरी नेता यावेत. हरवले, पडले तर त्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी, मुलाच्या पालकांवर टाकू नये. महागडा कॅमेरा कपाटात कुलपात राहतो आणि किल्ली शिक्षकांकडे, हे आपण प्रयोगशाळेतल्या दुर्बिणीच्या बाबतीत पाहिलेच आहे. उरलेली रक्कम चित्रे कागदावर छापण्यासाठी ठेवावी. मोबाइलमधली चित्रे मोबाइलमध्येच मरतात. भिंतीवर लावलेले चित्र मूल दहा वेळा पाहते आणि त्यातली चूक त्याची त्यालाच दिसते.

प्रवेशिकेवरचा तो रकाना आम्ही काढून टाकला आहे. त्या जागी 'हे चित्र काढण्यासाठी तुम्ही तेथे किती वेळा गेलात?' असे विचारले आहे.

भैरवगढची दुसरी फेरी परीक्षेनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकाशी जमायचे. ज्यांची चित्रे मागच्या खेपेस घेतली त्या कारागिरांना द्यायच्या छापील प्रती आमच्याकडे तयार आहेत. त्या नेऊन देण्याचे काम नववीतल्या त्या विद्यार्थ्याने मागून घेतले आहे.