पोसणारा कोण, अडवणारा कोण?

'शाकुंतल' शिकवताना पहिल्या अंकात आम्ही दरवर्षी रेंगाळतो. दुष्यंत काळविटाचा पाठलाग करतो. तपस्वी अडवतो, हा आश्रममृग आहे, मारू नये. राजा बाण आवरतो आणि वर्ग सुखावतो. या मृगांना पोसत कोण होते, हे मात्र आमच्या ओझरच्या वर्गातही कोणी विचारत नाही.

आमच्याच नाशिक जिल्ह्यात, येवला तालुक्यातील ममदापूर परिसरात, काळविटांसाठी २०१४ साली संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, हे योग्यच झाले. परंतु क्षेत्राची हद्द कळपाला कशी कळावी? तो कोवळ्या पिकात शिरतो, उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकत विहिरीत पडतो.

अमेरिकेतील राज्यांचे वन्यजीव विभाग पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या संख्येचा अंदाज घेतात, शिकारीचे परवाने देतात आणि त्या शुल्कातून संवर्धनाचा खर्च भागवतात. ती बंदूक आम्हांला नको; ती जबाबदारी मात्र हवी. नियमित गणना, गवताळ माळ, पाणवठे, विहिरींना कठडे आणि वेळेवर नुकसानभरपाई, यांवाचून केलेले संरक्षण म्हणजे दुसऱ्याच्या पदरच्या धान्यावर मिळवलेले पुण्य होय.

कण्वाच्या आश्रमात शकुंतलेने मृगशावकाला मुठीमुठीने धान्य भरवले होते. राजाला अडवण्याचा आश्रमाचा अधिकार त्या मुठीतून आला होता. आज अडवते शासन, पोसतो शेतकरी. आणि आम्ही अध्यापक मृगनयनेच्या उपमा समजावून सांगत बसतो.