आरोग्य : समुद्राचे मीठ आणि गळ्यातली ग्रंथी

इफ्तारच्या वेळी खजूर समोर आली की तोंडाला पाणी सुटते. हे काम लाळग्रंथींचे. लाळ, घाम, अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथींना नलिका असते. तिच्यातून स्राव ठरलेल्या जागी पोहोचतो. या बहिःस्रावी ग्रंथी. अंतःस्रावी ग्रंथींना नलिका नसते. त्यांचा स्राव, म्हणजे हार्मोन, थेट रक्तात मिसळतो. स्वादुपिंड दोन्ही कामे करते : पाचकरस नलिकेतून आतड्यात, इन्सुलिन रक्तात.

गळ्यातली थायरॉइड अंतःस्रावी आहे. तिचे हार्मोन बनायला आयोडीन लागते. उरण-पेणच्या मिठागरांमुळे आपल्याकडे खडे मीठ घरोघरी ओळखीचे. ‘समुद्राचेच मीठ, आयोडीन असणारच,’ असे आपल्याला वाटते. पण मीठ तयार होताना त्यात आयोडीन जवळजवळ उरत नाही. ते वेगळे मिसळावे लागते. मासळीतून काही मिळते, पण ती रोज ताटात असतेच असे नाही.

मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवे, गरोदर बाईला २५०. ते फारच कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही.

म्हणून पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेले पाहूनच मीठ घ्या. झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा आणि कालवण शिजत आल्यावर घाला. मीठ वाढवायचे नाही, फक्त बदलायचे आहे. थायरॉइडचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.