विश्लेषण : एका रात्रीत पुन्हा मैदानात! पिचर तंदुरुस्त आहे हे नेमके ठरवते कोण?

सलग दोन रात्रींत १३० चेंडू. लॉस एंजेलिस डॉजर्सचा जपानी पिचर योशिनोबू यामामोतो याने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी टोरोंटोत वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले. दुसऱ्याच रात्री निर्णायक सातव्या सामन्यात आणखी ३४ टाकले. डॉजर्सनी तो सामना ११ डावांत ५-४ असा जिंकला आणि यामामोतो मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला अमेरिकेत एरवी चार ते पाच दिवस विश्रांती मिळते. मग हा अपवाद कसा झाला? आणि याच संघाने दीड महिन्यापूर्वी शोहेई ओहतानीला अप्रतिम लय सापडलेली असताना बाहेर का बसवले होते?

निर्णायक सामन्यात काय घडले?

सहाव्या सामन्यानंतर आपले काम संपले, असे यामामोतोलाही वाटले होते. मात्र, उद्या निदान बुलपेनमध्ये (राखीव पिचर जिथे सराव करतात त्या जागी) चेंडू टाकून पाहू, असे त्याचे खासगी प्रशिक्षक ओसामू याडा यांनी सुचवले. खांदा, हात मोकळे वाटले आणि तो उपलब्ध असल्याचे व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांच्यापर्यंत पोहोचले. नवव्या डावात ४-४ बरोबरी, प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडू बेसवर, अशा अवस्थेत तो आला. पहिल्याच फलंदाजाला त्याचा चेंडू लागला आणि तिन्ही बेस भरले. तिथून तो एकही धाव न देता सुटला आणि पुढचे दोन डावही त्यानेच टाकले.

ही पहिली वेळ नव्हती. दुसऱ्या सामन्यात १०५ चेंडू टाकून संपूर्ण सामना एकट्याने पेलल्यानंतर दोनच दिवसांनी, १८ डाव लांबलेल्या तिसऱ्या सामन्यातही तो बुलपेनमध्ये हात गरम करत होता.

ओहतानीच्या वेळी उलट निर्णय का?

ओहतानीच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. २०२४ चा पूर्ण मोसम तो फक्त फलंदाज म्हणून खेळला. १६ जून २०२५ रोजी तो पिचर म्हणून परतला तो एका डावापुरता, २८ चेंडूंसाठी. जखमी पिचर सहसा कनिष्ठ लीगमध्ये सराव सामने खेळून परततात. ओहतानीला ती सोय नव्हती, कारण फलंदाज म्हणून तो रोज मुख्य संघाला हवा होता. त्यामुळे त्याचे पुनर्वसन भर मोसमात, प्रेक्षकांसमोर झाले. एक डाव, मग दोन, असे वाढवत नेत पाच डावांची मर्यादा ठरली.

१६ सप्टेंबरला फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध त्याने पाच डावांत एकही हिट दिली नव्हती. चेंडू झाले होते फक्त ६८. तरी रॉबर्ट्स यांनी ठरल्याप्रमाणे त्याला काढले. पुढच्याच डावात फिलीजनी सहा धावा कुटल्या आणि डॉजर्स ९-६ असे हरले. त्या रात्री धावफलकापेक्षा वेळापत्रक मोठे ठरले. १ नोव्हेंबरला नेमके उलटे झाले.

कोपरच का दुखावते?

चेंडू टाकताना पिचरचा हात आधी मागे वळतो, मग प्रचंड वेगाने पुढे येतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अल्नर कोलॅटरल लिगामेंटवर (यूसीएल) सगळा ताण येतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, म्हणून तिथे भार पाठीवर जातो. जसप्रीत बुमराहवर २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली ती याच प्रकारच्या भारामुळे. भालाफेक मात्र पिचिंगच्या जास्त जवळची. नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती, हे अनेकांना आठवत असेल.

तुटलेल्या यूसीएलच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आकडे काय सांगतात?

मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर अहवाल प्रसिद्ध केला. जखमींच्या यादीत पिचर जाण्याच्या घटना २००५ मध्ये २१२ होत्या, २०२४ मध्ये ४८५ झाल्या. याच काळात चेंडूही वेगवान झाला. मुख्य वेगवान चेंडूची सरासरी २००८ मध्ये ताशी सुमारे १४७ किमी होती, ती २०२४ मध्ये १५१ च्या पुढे गेली. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय हे अहवालाने दिलेले एक प्रमुख कारण. पण संघ निवड आणि पैसा दोन्ही वेगालाच देतात. त्यामुळे जपून टाकणाऱ्या तरुण पिचरला संधी मिळणेच कठीण.

‘मी तयार आहे’ यावर विसंबायचे का?

आज प्रत्येक मैदानातले कॅमेरे चेंडूचा वेग, फिरकी, हात सुटण्याची जागा मोजतात. त्यात घसरण दिसली की धोक्याची घंटा. पण लिगामेंटवर सेन्सर नाही. इंजिनीअरिंगला ‘फटिग’ शिकताना एक गोष्ट डोक्यात बसली होती : वारंवार ताण पडणारा भाग आदल्या क्षणापर्यंत ठणठणीत दिसू शकतो. शरीर स्वतःला दुरुस्त करते, पोलाद करत नाही, हा फरक आहेच. त्या दुरुस्तीला वेळ लागतो, आणि विश्रांतीचे दिवस त्यासाठीच असतात.

यामामोतोची तयारी वेगळी आहे. तो जड वजने उचलत नाही. हलका भाला फेकणे, ताणाचे आणि श्वसनाचे व्यायाम, तोल सांभाळणे यांवर त्याचा भर असतो. तो टिकला ते या पद्धतीमुळेच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. हीच पद्धत सुरू असताना २०२४ मध्ये खांद्याच्या दुखापतीने तो जवळपास तीन महिने बाहेर होता.

शिवाय, वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात ‘आज जमणार नाही’ म्हणणारा पिचर सापडणे अवघड. म्हणजे निर्णय खेळाडूच्या शब्दावर सोडणे ही व्यवस्थापनाने स्वतःची करून घेतलेली सुटका आहे. त्याच रात्री सामना सुरू केला होता तो ओहतानीने, तीनच दिवसांच्या विश्रांतीनंतर. चौथ्या सामन्यात त्याने ९३ चेंडू टाकले होते. सातव्यात तिसऱ्या डावात बो बिशेटने त्याला तीन धावांचा होमरन ठोकला आणि त्याची रात्र तिथेच संपली.