तिसऱ्या मागाचा हिशेब

१९२८ साली मुंबईतले सुमारे दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. वादाच्या मुळाशी मालकांची ‘रॅशनलायझेशन’ची योजना होती: दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत. तिसऱ्या मागामुळे खर्च वाचणार, हे कामगारांनाही दिसत होते. वाचलेला पैसा कुणाचा आणि ज्याचा माग गेला त्याने जायचे कुठे, यावर झगडा होता. परळ-लोअर परळच्या त्याच गिरण्यांच्या आवारांत आता काचेची कार्यालये आहेत आणि तिथे तिघांचे टेबलावरचे काम संगणकाच्या मदतीने एकाकडून करून घेण्याच्या योजना आखल्या जात आहेत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या जानेवारी २०२४ च्या अंदाजानुसार जगातल्या जवळपास ४० टक्के नोकऱ्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम होईल आणि विषमता वाढण्याचीच शक्यता अधिक आहे. ती किती वाढेल, हे मात्र यंत्र ठरवत नाही. गिरणगावाइतका याचा पक्का पुरावा क्वचितच कुठे सापडेल.

गिरण्या १९८२ च्या संपाने बुडाल्या की त्याआधीच पोखरल्या होत्या, हा वाद जुना आहे. जुनाट यंत्रे आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरचे स्वस्त कापड पाहता संप झाला नसता तरी बरेच रोजगार गेले असते, हे मान्य करू. पण नोकरी का गेली हा एक प्रश्न आणि गिरणीची किंमत कुणाच्या हाती पडली हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर नियमावलीत आहे. १९९१ च्या ५८ व्या विकास नियंत्रण नियमाप्रमाणे पुनर्विकासाला निघालेल्या गिरणीची जमीन ढोबळमानाने तीन वाट्यांत जायची होती: महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते मर्यादित केले. खात्यांच्या इमारतींनी भरलेल्या आवारात मग वाटायला उरणार किती? २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल या दुरुस्तीच्या विरोधात गेला होता. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. ‘मोकळी’ या एका शब्दाने मध्य मुंबईचा नकाशा ठरला.

नव्या नोकऱ्या येतातच, असे म्हटले जाते. येतात. फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत आज हजारो माणसे कामाला आहेत. पण पंचेचाळिशीतल्या विणकराला त्या मिळाल्या नाहीत. अनेकांच्या नशिबी रखवालदारी नाहीतर हातगाडी आली. झळ त्याच्यापाशी थांबलीही नाही. गिरणीवाल्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची, ज्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, गिऱ्हाइके तुटली. कार्यालयातला पगार थांबला की डबेवाला, चहावाला आणि घरकाम करणारी बाई यांच्यापर्यंत झळ पोहोचणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्रे आणणाऱ्यांवर अटी घातल्या तर उद्योग बंगळुरू-हैदराबादला जातील. म्हणूनच यंत्र अडवा असे माझे म्हणणे नाही. छाटणी होऊ शकेल अशा ‘रॅशनलायझेशन’ची २१ दिवस आधी नोटीस द्यावी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती, उद्योग त्यामुळे पळाले नाहीत. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले आणि कारण कौशल्ये जुळत नसल्याचे दिले. ते खरे मानले, तरी कौशल्य शिकवण्याचा खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न उरतोच. नोटिशीचा हक्क संगणकावर काम करणाऱ्यांना आणि कंत्राटी माणसांनाही निःसंदिग्धपणे मिळावा; आणि डेटा सेंटरना सवलती देणाऱ्या राज्य सरकारने पगारी प्रशिक्षणाची अट त्याच करारात लिहावी. आधी गुंतवणूक येऊ द्या, अटींचे नंतर पाहू, असे सांगणाऱ्यांनी म्हाडाकडची यादी पाहावी. पावणेदोन लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी घरांसाठी अर्ज केले. त्यांतल्या बहुतेकांना अजून घर मिळालेले नाही.